भामा नाशिकहून आली

“पोरी, जरा हात दे गं. पायरी निसरडी हाये.”

रामकुंडाच्या काठी एका अनोळखी म्हातारीनं भामापुढं हात केला. अशीच एक म्हातारी ती घरी, गव्हाणला, झोपलेली सोडून आली होती.

हौसा, तिची सासू. मिठागरात पडल्यापासून कंबरेतून वाकलेली. हौसाच्या नवऱ्याच्या अस्थी तिच्या दिरानं इथं आणून सोडल्या होत्या. कुंडात अस्थी विरघळतात, माणूस गोदामाईचा होऊन जातो, असं त्यानं परत आल्यावर सांगितलं. तेव्हापासून हौसाचा एकच ध्यास: त्या पाण्यात एकदा तरी बुडी मारायची. छप्पन सालचा सिंहस्थ आला, गावातल्या बायकांनी मोटार ठरवली, तशी तिनं लुगडं धुऊन गाठोडं बांधलं.

भामा धास्तावली. एवढ्या गर्दीत हिला उचलायचं कोणी? आपल्याला घटकाभर मोकळं फिरायला तरी मिळेल का? तिनं सांगून टाकलं, “आय, मोटार परवा हाय.” आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे हलकेच दार ओढून घेतलं.

त्या परक्या म्हातारीला तिनं धरून पाण्यात उतरवलं, पाठीवर पाणी घातलं. म्हातारी रडली, मग हसली. म्हणाली, “तुझी सासू नशिबाची गं!”

भामाला पुढं बुडी मारवलीच नाही. तशीच पायऱ्या चढून ती वर आली.

गव्हाणला परतली तेव्हा हौसा ओट्यावर कळशी घेऊन बसली होती. तीर्थाहून आलेल्याचे पाय घरच्यांनी धुवायचे, ही रीत.

“पाय फुडं कर, बाय.”

“नको, आय. मी तुमाला खोटं सांगितलं.”

“ठावं हाय. तू दार वढलंस तवा मी जागीच व्हते.”

“मंग हाक का नाय मारलीत?”

“मारून काय? तुझ्या मनात नव्हतं.”

भामाला रडू आवरेना. “मी बुडी नाय मारली, आय. मारवलीच नाय.”

कळशीवरचा हौसाचा हात थांबला. “पान्यात उतरलीस तरी?”

“एका म्हातारीला उतरवायला. घोट्यापरयंत.”

“मंग झालं.”

तिनं भामाचे पाय ओढून घेतले आणि घोट्यांपर्यंत चोळून धुतले. ओघळणारं पाणी ओंजळीत धरून डोळ्यांना लावलं, आपल्या मोकळ्या कपाळावर फिरवलं. मग भिंतीला धरून ती हळूहळू आत गेली.

भामा ओल्या पायांनी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.