व्हय की

त्या रविवारी माझ्या वडिलांनी मिसळीवर कट दोनदा मागून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर फोन माझ्यापुढे सरकवला.

"क्रांती, ह्याच्या खाली लिही की काहीतरी. तुझं इंग्रजी चांगलं हाय... आहे."

ते 'हाय' गिळणं माझ्यामुळे होतं. माझ्या लग्नाची बोलणी करायला पुण्याची माणसं यायची होती, तेव्हा मी बजावलं होतं, "आबा, त्यांच्यासमोर हाय, न्हाय, व्हय नको." ती माणसं चहा पिऊन गेली. आबा मात्र त्यानंतर अकरा वर्षं माझ्याशी तोंडी परीक्षेला बसल्यासारखे बोलत राहिले.

फोनवर एक जुनं गाणं होतं. एक्क्याऐंशी साली आबा ओतकाम शिकायला शेफील्डला गेले होते. तिथल्या तीन पोरांच्या रॉक बँडचा ड्रमर पळाला, तेव्हा शेजारच्या खोलीत टेबल बडवणाऱ्या आबांना त्यांनी उचललं. बँड चौदा महिने टिकला. सतरा कार्यक्रम आणि वर्गणी काढून केलेली एक रेकॉर्ड. ती छापून येण्याआधीच त्यांनी आपल्यातला, गोरा ड्रमर आणला. कव्हरवर त्याचंच नाव. मग तेही आपसात भांडून संपले. आबा शिरोलीच्या फौंड्रीत परतले. मी मैत्रिणींना हे सगळं 'आमच्या आबांची लंडनची थाप' म्हणून सांगायचे.

कव्हरवर गाण्याचं नाव होतं, 'वाय की'. खाली कॉमेंटमध्ये पन्नासेक लोक त्याचा अर्थ लावत होते. कुणी म्हणे कसली तरी किल्ली, कुणी म्हणे नशेचा माल. गायकाने तर मुलाखतीत सांगितलं होतं, ते नुसते निरर्थक आवाज आहेत.

"निरर्थक कसलं!" आबा उसळले. "ठेका चढला की मी वरडायचो, व्हय की! त्या येड्यांनी ऐकलं तसं छापलं. लिही, हा आवाज माझा, शाहूपुरीच्या विजयसिंहाचा."

"संध्याकाळी लिहिते. पेपर तपासायचेत," मी म्हणाले. "आणि वरडायचो नाही, आबा. ओरडायचो."

"हो," ते म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

संध्याकाळी मी लिहिलं नाही. सोमवारी सकाळी दाढी करता करता ते गेले. एका गालावर साबण तसाच होता.

दिवसकार्याला बनाबाई आत्या माझ्याजवळ येऊन बसली. "लई वरडायचा गं ल्हानपणी. तालमीत हलगी वाजली की ह्यो सगळ्यांच्या पुढं. तुझ्याफुडं मातुर गप गप असायचा. का गं?"

मी पाण्याचा तांब्या आणायला उठले.

तेराव्यानंतर एका दुपारी मी ते गाणं पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. गिटार कच्ची, गायक स्वतःच्याच दुःखावर खूश. पण खाली ड्रमवर हलगीचा ठेका होता, कुस्तीच्या फडातला, कुणालाही ओळखू येईल असा. आणि ती आरोळी. इतक्या मोठ्याने आबा माझ्यासमोर कधीच बोलले नव्हते.

गिटार थांबली. टेप बंद व्हायच्या आत, माइकपासून जरा लांबून, तेवीस वर्षांच्या पोराने विचारलं, "जमलं न्हवं?"

कुणीतरी हसलं, आणि संपलं.

शेवटचा तेवढाच भाग मी पुन्हा लावला.

"जमलं न्हवं?"

"व्हय की, आबा," मी मोठ्याने म्हणाले. "व्हय की."