खाटेसमोरची भिंत

कोलशेतच्या खाडीत जाळं टाकण्यात गोमाजीचं आयुष्य गेलं. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली ती गेलीच. वाचाही गेली. ऐकू यायचं, कळायचं सगळं. तोंडातून निघायचं ते फक्त ‘आं’.

त्याची खाट आतल्या खोलीत होती. ही खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार वाळवीनं खाल्लं, तेव्हा धडधाकट गोमाजीनंच चौकट उपटून टाकली होती. तिथं रुंद भगदाड राहिलं. ये-जा करायला ओटीकडून दुसरं दार होतंच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आता त्या भगदाडातून दिवसभर त्याची बायको दिसायची, मनुबाई. मासळी साफ करणारी, चुलीशी पुटपुटणारी. मधूनच मान वर करून विचारायची, "काय बगता?" तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

मुलाचं, रघुचं, लग्न ठरलं. नवी सून तुळसा दिवसभर सासऱ्याच्या नजरेसमोर कशी वावरणार, असं नातेवाइकांनी काढलं. विटांची भिंत घालायला वेळ नव्हता. जगन सुताराकडे एका ऑफिसच्या कामातले जिप्सम बोर्ड उरले होते, ते घेऊन तो आला.

भगदाडात त्यानं लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकली, मधे उभ्या पट्ट्या दिल्या. पट्ट्यांमधून मनुबाई अजून दिसत होती, तुकड्यातुकड्यांनी. मग जगननं कटरनं बोर्डावर रेघ ओढली, गुडघ्यावर धरून तो कट्कन मोडला आणि खालच्या अर्ध्यात स्क्रूनं आवळला. चुलीशी बसलेली मनुबाई दिसेनाशी झाली. उभी राहिली की डोकं तेवढं दिसे.

गोमाजीनं सगळा जोर लावला. "आं! आं!"

रघु धावला. "काय झाला बाबा? पानी पायजे?" त्यानं पाणी पाजलं. ते ओठाच्या कडेनं ओघळलं.

"अरे, ते भिंतीकडं बघतायत," जगन म्हणाला. "दादा, भिंत नको का?"

गोमाजीचा जीव भांड्यात पडला. कुणाला तरी कळलं! पण त्याची मान सांगितल्याबरोबर हलत नसे. तो जोर करतोय तोवर रघु म्हणाला, "नको कशाला? तुमचीच सोय हाय. घालू ना, बाबा?"

आणि नेमकी तेव्हा मान हलली. खाली-वर, अगदी स्पष्ट.

"बग, हो म्हनतात!" रघु खूश झाला.

मग गोमाजी कितीतरी वेळ ओरडत राहिला. ड्रिलचा त्रास होत असेल, असं वाटून रघुनं त्याच्या कानात कापूस घातला. वरचा बोर्ड बसला. जगननं सांध्यांवर पट्टी चिकटवून वर लांबीचा पांढरा लेप ओढला.

संध्याकाळी मनुबाई ओटीकडून फिरून पेज घेऊन आली. कानातला कापूस काढला, भिंतीवर हात फिरवला.

"बरा झाला. सगला धूर तुमच्या छातीत जायचा. मीच रघुच्या मागं लागलेली, भिंत घाल म्हनून."

इतक्या मायेनं बोलली की त्याला तिचा रागही करता येईना. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं पदरानं टिपलं.

"धूल गेली ना डोल्यात? बसंल आता खाली."

पेज भरवून ती लगबगीनं गेली. तुळसाच्या घरची माणसं यायची होती. थोड्या वेळानं बोर्डापलीकडून भांडी वाजली, तिचं काहीतरी बोलणं ऐकू आलं. शब्द लागेनात. गोमाजी पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. कूस बदलायची तरी कुणीतरी यायला हवं होतं.