बाईंच्या नावावरचं इंग्रजी

तपासनिसाच्या घरात टोस्टरसुद्धा चौकशी झाल्याशिवाय आला नव्हता. चार टोस्टरांचे गुणदोष त्याने एका तक्त्यात मांडले होते, आणि तक्ता पुरा होईपर्यंत दीड महिना पाव तव्यावर भाजला होता. माणूस वाईट नव्हता, कामच तसं होतं. एका कंपनीत तो लिफ्ट तपासायचा. दोर, ब्रेक, दारं, गजर अशा चौसष्ट गोष्टींपुढे बरोबर-चूक खूण करायची आणि खाली सही ठोकायची. अकरा वर्षं परदेशात हेच केल्यावर त्याची खात्री पटली होती, की नीट तपासलेली गोष्ट सहसा दगा देत नाही.

लग्न त्याने उशिरा केलं, तेही अर्थात बऱ्याच चौकशीनंतर. बायको मायदेशी शाळेत भूगोल शिकवायची. पंधरा वर्षांच्या नोकरीत मुलं, त्यांचे आईबाप, वाणी, पोस्टमन सगळेच तिला 'बाई' म्हणायला लागले होते. लग्नानंतर नवराही तेच म्हणायला लागला. पन्नास पोरांसमोर सलग चाळीस मिनिटं बोलणाऱ्या या बाई व्हिसा मिळून इकडे आल्या आणि गप्पच झाल्या. लिहिलेलं इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी कळायचं. बोललेलं मात्र कानावरून जायचं, आणि उत्तर द्यायची वेळ आली की तोंडाला कुलूप. दुकानात, बँकेत, जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांशी त्यांच्या वतीने नवराच बोलायचा. त्याला त्याचा त्रास वाटत नव्हता. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं.

त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा तो त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी कसं दुखतं विचारलं. बाईंनी नीट सांगितलं. सकाळी विशेष काही नसतं, पण केस विंचरायला हात वर नेला की आत कुणीतरी ओलं फडकं पिळल्यासारखं होतं. हात पाठीमागे नेला की अर्ध्यावरच अडकतो. त्या कुशीवर वळलं की जाग येते, आणि हे सगळं सामानाची पेटी ओढल्या दिवसापासून हळूहळू वाढत चाललंय.

नवऱ्याने मान हलवली आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "शोल्डर पेन. मच पेन."

डॉक्टरांनी गोळ्या आणि मलम लिहून दिलं.

बाहेर पडून दोघं बस थांब्याशी आली. बाई म्हणाल्या, "मी एवढं बोलले. तुम्ही चार शब्द बोललात."

"इंग्रजीत थोडक्यातच सांगतात."

"त्यातला एक शब्द तर दोनदा होता."

नवरा वेळापत्रक वाचायला लागला.

"मला शिकायचंय," बाई म्हणाल्या. "वाचनालयाच्या काचेवर कागद लावलाय. मोफत वर्ग आहेत."

"अगं, त्या वर्गात सगळी खिचडी असते. कुणाला एबीसीडी येत नाही, कुणी वकिली करून आलेला. त्यापेक्षा घरबसल्या शिकायचं सॉफ्टवेअर घेऊ. तू तुझ्या वेगाने शिक. चांगलं कुठलं ते मी बघतो."

'मी बघतो' या शब्दांचा अर्थ बाईंना तोवर पुरता कळलेला नव्हता. त्यांनी मान डोलावली.

त्याने खरोखरच मनावर घेतलं. पाच सॉफ्टवेअरं निवडली आणि बावीस कसोट्यांचा तक्ता आखला. धडे किती, आवाज स्पष्ट आहे का, चूक झाली तर समजावून सांगतं की नुसतं लाल होतं, इंटरनेट गेलं तर चालतं का. प्रत्येकाची काही दिवसांची फुकट चाचणी होती. बायकोचा वेळ वाया जायला नको म्हणून धडे आधी आपणच करून बघायचे असं त्याने ठरवलं, आणि पाचही ठिकाणी बाईंच्या नावाने खाती उघडली.

पहिल्या सॉफ्टवेअरने त्याला एक वाक्य वाचायला सांगितलं. त्याने वाचलं. पडद्यावर शंभरपैकी एकेचाळीस गुण आले आणि खाली 'पुन्हा प्रयत्न करा'. त्याने पुन्हा प्रयत्न केला. एकोणचाळीस. मायक्रोफोन खराब असणार हे उघडच होतं, म्हणून त्याने नवीन मायक्रोफोन आणला. नवीन मायक्रोफोननेही त्रेचाळीसच्या वर काही दिलं नाही.

"बाई, जरा इकडे ये. हे वाच बरं."

बाईंनी ओले हात पुसले, पडद्याजवळ वाकल्या आणि धडा वाचून दाखवावा तसं ते वाक्य एकेक शब्द सुटा करून वाचलं. शहात्तर.

नवऱ्याने त्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तक्त्यात त्या सॉफ्टवेअरपुढे 'गुण देण्याची पद्धत बेभरवशाची' असं लिहून ते बाद केलं.

"मग मी कशावर शिकू?" बाईंनी विचारलं.

"अजून चार आहेत. घाई नको."

त्या चारांपैकी एक त्याला फारच पसंत पडलं. रोज धडा केला की पडद्यावर ज्योत पेटायची. एक दिवस चुकला तर ती विझायची आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू व्हायची. लिफ्ट-तपासनिसाला यापेक्षा जास्त काय हवं? फुकटचे दिवस संपल्यावर पैसे भरून तो पोटभर धडे करायला लागला. घरात बायकोसमोर बोलायला लाज वाटायची, म्हणून कामावर करायचा. लिफ्ट तपासणीसाठी दोन मजल्यांच्या मधे थांबवली की आत तो एकटाच. तिथे उभा राहून तो फोनला सांगायचा, 'व्हेअर इज माय अम्ब्रेला.' फोनला व्हेअर पसंत पडेपर्यंत पंधरा-वीस वेळा सांगायचा.

एका इमारतीतून कंपनीकडे तक्रार आली. लिफ्टच्या बोगद्यात कुणीतरी माणूस रडवेल्या आवाजात छत्री मागतोय असं तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांचं म्हणणं होतं. त्या तक्रारीची चौकशी करायला कंपनीने तपासनिसालाच पाठवलं. त्याने तपासून 'आवाज बंद झाला आहे' असा अहवाल दिला, आणि तो अहवाल खराही होता.

इकडे बाई रिकाम्या बसल्या होत्या असं नाही. इमारतीच्या तळघरात सगळ्यांसाठी कपडे धुण्याची चार मशिनं होती. त्यातलं एक गरम पाणी घ्यायचंच नाही, आणि कुठलं ते माहीत नसल्यामुळे नवऱ्याने तक्ता आखला त्याच आठवड्यात पहिल्यांदा एकट्या खाली गेलेल्या बाई त्याच्यापुढे हताश उभ्या राहिल्या. तिथे बाकावर एक म्हातारी बसलेली होती. एके काळी ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून देता देता आता तिला स्वतःला ऐकायला कमी येत होतं. ती काहीतरी म्हणाली. बाई पुटपुटल्या. म्हातारीने कानामागे हात धरला आणि म्हणाली, "काय?"

बाईंनी तेच वाक्य जरा मोठ्याने म्हटलं.

"काय?"

तिसऱ्या वेळी बाईंनी वर्गातला आवाज काढला. म्हातारीचा चेहरा उजळला. तिने त्यांना दुसऱ्या मशिनकडे नेलं आणि गरम पाण्याचं, साबणाचं, वरच्या मजल्यावरच्या भांडकुदळ कुटुंबाचं असं सगळं सविस्तर सांगितलं. सांगायलाही ती सावकाश सांगायची, कारण स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा लागे.

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार बाईंचे कपडे फार मळायला लागले. धुतलेल्या चादरीसुद्धा त्या पुन्हा खाली न्यायच्या. चुकीचं वाक्य म्हातारीला कळायचंच नाही, आणि बरोबर वाक्य तीनदा म्हटल्याशिवाय ऐकू यायचं नाही. अशी शिकवणी त्या पाचांपैकी एकाही सॉफ्टवेअरमध्ये नव्हती, आणि त्या तक्त्यात या गोष्टीला रकानाही नव्हता.

नवऱ्याला याचा पत्ता नव्हता. "आज काय केलंस?" विचारलं की बाई "कपडे धुतले" म्हणायच्या, आणि तो "अरे वा" म्हणून ज्योत विझायच्या आत आपल्या धड्याकडे वळायचा.

तीन महिने झाले. खांदा बरा व्हायचं नाव घेईना, उलट आता अंबाडा बांधायलाही नवऱ्याची मदत लागायला लागली. पुन्हा दवाखाना, तेच डॉक्टर. त्यांनी बाईंचा हात हळूच उचलून पाहिला आणि काहीतरी विचारलं.

नवरा गोंधळला. इतके धडे करूनही त्यातला 'कॅच' हा एकच शब्द त्याच्या हाती लागला. "तुला काही पकडता येतं का, विचारतायत," त्याने बाईंना सांगितलं.

"नाही हो. हात मागे नेताना मधेच अडकतो का, असं विचारतायत."

मग त्या डॉक्टरांकडे वळल्या आणि इंग्रजीत बोलायला लागल्या. फडक्याचं सांगितलं, कुशीचं सांगितलं, पेटीचं सांगितलं. व्याकरण जागोजागी मोडत होतं, पण त्या थांबल्या नाहीत. फक्त तळघरातली सवय असल्यामुळे प्रत्येक वाक्य त्या तीनदा म्हणत होत्या, आणि तेही इतक्या खणखणीत आवाजात की डॉक्टरांनी खुर्ची इंचभर मागे घेतली. बाहेरच्या परिचारिकेने दार किलकिलं करून आत सगळं ठीक आहे ना ते पाहिलं.

"हे पहिल्या वेळी का नाही सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं. "तेव्हाच व्यायाम सुरू करता आले असते."

"सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "वाटेत लहान झालं."

डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याला अतिशय नम्रपणे बाहेर बसायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर तो वीस मिनिटं बसला. भिंतीपलीकडून बायकोचा आवाज येत होता, मधूनच डॉक्टरांचं हसू. त्या दोघांना आपली काहीच गरज पडत नाहीये, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. कौतुक वाटत होतं, आणि कौतुकाखाली काहीतरी टोचतही होतं.

खांदा आखडला होता. रोज तीन वेळा भिंतीला बोटं लावून हात वर सरकवायचा, असा व्यायाम मिळाला.

पुढच्या आठवड्यात टपालाने एक जाड पाकीट आलं. वर बाईंचं नाव. आत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र होतं, त्यांनी मधली पातळी उत्तम रीतीने पूर्ण केल्याबद्दल. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि नवरा घरी आल्यावर त्याच्यापुढे ठेवलं.

"मी पास झाले वाटतं."

तो बूट काढता काढता थांबला. "मी तपासून बघत होतो. तुझ्यासाठी."

"किती दिवस?"

"सत्त्याऐंशी." मग दुसरा बूट काढत, "मधे एकदाही चुकलो नाही."

बाई रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "वही दाखवा."

वही असणार हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्याने पिशवीतून काढून दिली. बाई टेबलाशी बसल्या आणि पंधरा वर्षं जशा वह्या तपासल्या तशी ती पान उलटत पाहिली. अक्षर नीटनेटकं होतं. न जमलेल्या वाक्यांपुढे फुल्या होत्या, आणि एकाच वाक्यापुढे फुल्यांची ओळच्या ओळ. 'मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगाल का?'

"हे एवढं कठीण आहे?"

"उच्चार जमतो," तो म्हणाला. "मधेच थांबतो. सॉफ्टवेअर म्हणतं, आत्मविश्वासाने म्हणा."

"कामावर कधी म्हटलंय?"

त्याने विचार केला. "नाही."

"अकरा वर्षांत?"

"मान हलवली की भागतं. पुढे कामाचा कागद येतोच, त्यावर लिहिलेलं असतं." तो जमिनीकडे बघत होता. "तू आलीस तेव्हा वाटलं, हिला तरी वाटतंय की मला येतं."

बाईंनी वही मिटली. खूप काही बोलता आलं असतं, पण त्यांना आठवलं, की वर्गात सगळ्यात मागे बसून मान हलवणारं पोर आपण नेहमी हुशार समजायचो. त्या उठल्या आणि भिंतीला बोटं लावून हात वर सरकवायला लागल्या.

"शनिवारी वाचनालयात नावं द्यायला जायचंय," भिंतीकडेच तोंड ठेवून त्या म्हणाल्या. "दोन नावं."

"कोणता वर्ग चांगला आहे ते आधी मी..."

"तुम्ही काही बघू नका."

शनिवारी वाचनालयातल्या चष्मेवाल्या बाईने दोघांना एकेक कागद दिला. वरती एकच प्रश्न होता, इंग्रजी का शिकायचं आहे, आणि खाली रेघा. बाई लगेच लिहायला लागल्या. नवऱ्याने तीन वेळा पेन टेकवलं आणि उचललं. मग जरा वाकून तो बायकोच्या कागदाकडे बघायला लागला. बाईंनी मान वर न करता डावा हात आडवा धरला, त्याला काही दिसणार नाही असा.

शेवटी त्याने एक ओळ लिहिली. चष्मेवालीने दोन्ही कागद वाचले, बाईंचा मागच्या बाजूनेही, आणि बाईंना गुरुवारचा वर्ग दिला, त्याला मंगळवारचा.

"यातला वरचा कुठला?" त्याने विचारलं.

ती छान हसली आणि काहीतरी भरभर म्हणाली. तो सवयीने मान हलवणार होता. मग त्याने घसा साफ केला, आणि मधे दोन ठिकाणी थांबत म्हणाला, की त्याला समजलं नाही.