पहारेकऱ्याला हात दिसत नाही

मित्रांनो, मी अंगठ्याएवढा, पितळी अंगाचा एक जुना सेन्सर आहे. माझी गोष्ट तुम्हाला शांतपणे सांगावी असे फार वाटते, पण आज जीव थाऱ्यावर नाही. तरी सुरुवातीपासूनच सांगतो, नाहीतर तुम्हाला काही कळायचे नाही.

माझ्या पोटात तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे आहे. धातूची वस्तू दोन बोटांवर आली की त्याला ती जाणवते. मग माझ्या शेपटाकडचा पिवळा दिवा लागतो आणि यंत्राला निरोप जातो. धातूखेरीज मला काहीही कळत नाही. लाकूड, कागद, माणूस, सगळे माझ्यापुढून हवेसारखे निघून जातात. हे माझ्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकात स्पष्ट छापले होते. स्टोअरमधल्या कारकुनाने ते पत्रक चहाच्या कपाखाली ठेवले. पुढे ते कुठे गेले, देव जाणे.

पहिली बारा वर्षे मी पत्र्याचे डबे मोजले. एकही डबा चुकवला नाही. आमचे मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हा गडी कधी दगा देत नाही." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे. मग कारखान्याने पत्र्याचे डबे बंद करून पुठ्ठ्याची खोकी सुरू केली आणि माझी रवानगी खणात झाली, गंजक्या खिळ्यांच्या संगतीत. चोहीकडे लोखंडच लोखंड आणि अंगात वीज नाही! असे माझे वर्ष गेले.

एके दिवशी मिस्त्रींनी खण उघडला. पुठ्ठा दाबायच्या प्रेसला पहारेकरी हवा होता. कुणाचा हात आत असेल, तर प्रेस थांबली पाहिजे. आधी त्यांनी माझ्या प्रकाशवाल्या भावाला लावून पाहिले होते. त्याच्या किरणाच्या आड काहीही आले की तो यंत्र थांबवतो. पण पुठ्ठ्याची कड सारखी आड यायची आणि प्रेस बंद पडायची. त्याची जागा थोडी सरकवून पुन्हा जुळवायला हवी होती. त्यात अर्धा दिवस गेला असता आणि साहेब तर डोक्यावर उभे होते.

"साहेब, याला पुठ्ठा दिसतच नाही," मला बसवता बसवता मिस्त्री म्हणाले. "म्हणजे पुठ्ठ्याला अडवणार नाही, फक्त हाताला अडवेल. हे बघा."

त्यांनी हात आत घातला. मनगटावर पोलादी पट्ट्याचे घड्याळ होते. माझा दिवा लागला, प्रेस थांबली, साहेबांनी मिस्त्रींची पाठ थोपटली. मी आतल्या आत ओरडत होतो, अहो, मी घड्याळ पाहिले, हात नाही! पण मला एकच दिवा आहे. त्याला फक्त 'हो' म्हणता येते, 'हो, पण' म्हणायची सोय नाही.

त्या प्रेसवर ताई बसायच्या. साऱ्या विभागाच्या त्या ताई, रागावल्या तरी हसत रागावणाऱ्या. त्यांच्या उजव्या हातात पोलादाची जाड अंगठी होती. दोनदा वाकडा गेलेला पुठ्ठा सरळ करायला त्यांचा हात आत गेला आणि दोन्ही वेळा अंगठी जाणवून मी प्रेस रोखली. "माझा पाठीराखा आहे हा," असे म्हणत त्या मला रोज फडक्याने पुसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. मी त्यांना ओळखतच नव्हतो, मी त्यांच्या अंगठीला ओळखत होतो.

मग शेजारच्या विभागात कुणाच्या तरी गळ्यातली साखळी यंत्रात अडकली. थोडक्यात निभावले. दुसऱ्याच दिवशी पाटी लागली: यंत्राजवळ अंगठी, घड्याळ, साखळी घालू नये. नियम अगदी योग्य होता. ताईंनी साबण लावून अंगठी काढली आणि जेवणाच्या डब्यात ठेवली.

"बोट कसं हलकं हलकं वाटतंय," त्या म्हणाल्या. आता त्या हातात मला कळण्यासारखे काहीच उरले नव्हते.

सोळा दिवस मी जीव मुठीत धरून काढले. सतराव्या दिवशी पुठ्ठा वाकडा गेला. ताईंचा हात नेहमीच्या भरवशाने आत आला असणार. मला कळले ते त्यांच्या किंकाळीने. माझा दिवा लागलाच नव्हता. ताईंची दोन बोटे गेली.

चौकशी झाली. "सेन्सर चालतोय का बघा आधी," साहेब म्हणाले. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला. आज तरी दिवा लागू नये म्हणून मी किती तडफडलो! पण धातू आला की दिवा लावायचा, एवढेच मला येते. दिवा लागला.

"सेन्सर चांगला आहे साहेब. ताईंनीच घाई केली असेल." कागदावर तेच लिहिले गेले. मिस्त्री मनाने वाईट नाहीत. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आता ते रोज सकाळी न चुकता मला तपासतात, त्याच स्क्रूड्रायव्हरने.

आणि आज ताईंच्या स्टुलावर त्यांची धाकटी जाऊ येऊन बसली आहे. पाटी वाचून तिने घरीच सगळे काढून ठेवले. "ताई म्हणाल्या, भिऊ नकोस, तो पिवळ्या दिव्याचा फार इमानी आहे," असे ती शेजारणीला सांगत होती. सांगताना तिने मला हात लावला म्हणे. मला तोही कळला नाही.

मित्रांनो, कुठलाही पहारेकरी नेमताना त्याला काय कळते एवढेच बघू नका, काय कळत नाही तेही विचारा. पत्रक वाचा. यंत्र बंद ठेवून, घड्याळ काढून, नुसता हात त्याच्यापुढे धरा. आणि त्यासाठी मोठे होईपर्यंत थांबू नका. तुमच्या घरात कुणी मिस्त्री असेल, कुणी प्रेसवर बसत असेल, तर आजच सांगा. मला सांगता येत नाही हो.

प्रेस सुरू झाल्याचा आवाज आला. पुठ्ठे आत येऊ लागले असतील. माझा दिवा बंद आहे. तिचा हात बाहेर आहे की आत, मला माहीत नाही.