दाभोशाच्या डोहातलं शूटिंग

दाभोशाच्या धबधब्याखाली पर्यटकांवर नजर ठेवायचं काम चिमी चार पावसाळे करत होती. नऊ जणांना तिने डोहातून ओढून काढलं होतं. म्हणून सप्टेंबरात सिनेमावाले आले, तेव्हा त्यांनी तिलाच कामावर घेतलं. सिनेमा मारामारीचा आणि विनोदी. त्यात तीन जीवरक्षक चोरांची टोळी पकडतात. नटांच्या अंगात लाल बनियन, गळ्यात शिट्ट्या. पोहता मात्र एकालाही येत नव्हतं.

दुपारी डोहावर ऊन होतं, पण मोखाड्याकडचे डोंगर काळे पडले होते. चिमीच्या पायाजवळून एक खेकडा खडकावर चढला. मागोमाग पाच-सहा चढले. तिने पाण्यात हात घातला. सकाळचं नितळ पाणी गढूळ झालं होतं, त्यावर पाला आणि काटक्या तरंगत होत्या.

ती दिग्दर्शकाच्या मदतनिसाकडे, करणकडे धावली.

"साहेब, माणसं वर घ्या. डोंगरात जोराचा पडलाय."

"इथे तर ऊन आहे, ताई."

"पाणी तिकडून येतंय ना!"

"एकच टेक. पाच मिनिटं."

पलीकडच्या खडकावर पंढरी उभा होता. चिमीच्याच पाड्यातला, रोजावर आलेला. नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा चंदेरी फळा त्याच्या हातात होता, पण त्याची नजर सारखी कड्याकडे जात होती.

टेक सुरू झाला. नट कमरेएवढ्या पाण्यात चोरांच्या मागे धडपडू लागले. चिमीने जीव खाऊन शिट्टी फुंकली. त्यांना ते गमतीचं वाटलं; त्यांनीही आपापल्या शिट्ट्या फुंकल्या. सगळे हसले.

मग धबधब्याचा आवाज जाड झाला आणि कड्यावरून लाल पाण्याचा लोंढा डोहात कोसळला.

चोर झालेले दोघे काठाजवळ होते, ते कसेबसे वर चढले. चिमीने कमरेला दोर बांधला, दुसरं टोक करणकडे फेकलं. "झाडाला गुंडाळा!" ओरडून तिने उडी घेतली. पहिला नट हाताशीच सापडला. दुसऱ्याला तिने केसाला धरून आणलं. तिसरा डोहाच्या मध्यावर गटांगळ्या खात होता. पंढरीच्या खडकाचा आता सुपाएवढा तुकडा उरला होता.

"त्याला घे आधी!" पंढरी ओरडला. "मला पोहता येतं!"

त्या पाण्यात कुणालाच पोहता आलं नसतं. चिमीला ते माहीत होतं. पंढरीलाही. ती तिसऱ्याकडे वळली. त्याने तिच्या गळ्याला मिठी मारली, दोघं खाली गेली, वर आली. काठाला लागून तिने मागे पाहिलं, तर खडकाच्या जागी नुसतं लाल पाणी धावत होतं.

पंढरी तिसऱ्या दिवशी खाली करंजाच्या मुळांत सापडला.

पोलिसांसमोर दिग्दर्शक म्हणाला, "आम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं." करण खाली बघत बसला होता. तो उठला.

"ताईंनी सांगितलं होतं, साहेब. शूटिंग मी थांबवलं नाही. लिहून घ्या."

संध्याकाळी चिमी पंढरीच्या घरी गेली. त्याची बायको लाडकी दारात बसली होती. तिने चिमीला जवळ बसवून घेतलं.

"शेवटी काय बोलला गं?"

चिमीने सांगितलं, एकही शब्द न बदलता.

"तूच जवळ होतीस त्याच्या. एकटा नव्हता तो," लाडकी म्हणाली. मग पदर तोंडात कोंबून ती रडायला लागली. चिमीने तिला धरून ठेवलं.