घड्याळांच्या शेखची शपथ

शुक्रवारची नमाज सुटली की इजिप्तमधल्या आमच्या तांता शहरातल्या या गल्लीतले लोक पूर्वी घरी जेवायला जायचे. हल्ली ते बयूमीच्या कॉफीखान्यात खुर्ची धरायला धावतात, कारण भिंतीवरच्या पडद्यावर इंटरनेटवरून घड्याळं विकणारा 'घड्याळांचा शेख' अवतरतो. पांढरा झब्बा, हातात जपमाळ आणि पुढ्यात मखमलीवर मांडलेली घड्याळं, म्हणे थेट स्वित्झर्लंडची.

"बंधूंनो, खोट्या काचेवर पाणी पसरतं. अस्सल काच पाण्याला वर झेलते," असं म्हणत शेख काचेवर एक थेंब सोडायचा. थेंब गोल बसून राहायचा आणि सगळे 'सुभानल्ला' म्हणायचे. मग तो पेटीतल्या कार्डावरचा कोड फोनने टिपून घड्याळाचा नंबर घालायचा. फोनवर हिरवी अक्षरं उमटायची: मुबारक, तुमचं घड्याळ अस्सल आहे. एवढ्यावर भागलं नाही तर ठेवणीतलं अस्त्र बाहेर निघायचं. "हे घड्याळ नकली निघालं, तर माझ्या बायकोला तलाक!"

झालं. आमच्याकडे कांद्याच्या भावावरूनसुद्धा लोक ही शपथ घेतात, आणि तरी ऐकणारा विरघळतो. स्वतःचा संसार कोण मोडून घेईल, असा त्यांचा सवाल.

मी अब्दुल तव्वाब. याच गल्लीत अडतीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय. घसा कोरडा करून सांगितलं, की त्याला मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. बयूमी म्हणाला, "उस्ताद, तुमचं दुकान बसलं, म्हणून दुसऱ्याच्या बरकतीवर जळू नका." सगळे हसले. ज्याने आयुष्यभर घड्याळं उघडली त्याला कुणी विचारत नव्हतं, आणि ज्याने एकही उघडून दाखवलं नाही त्याच्यापुढे माना डोलत होत्या.

तरी मी गप्प बसलो असतो. पण माझी धाकटी बहीण तहिया त्या नादी लागली. तिच्या मुलीचा, रबाबचा, साखरपुडा ठरला होता. नवरामुलगा सोनं आणतो, तेव्हा मुलीकडच्यांनी त्याच्या मनगटावर चारचौघांत घड्याळ बांधायचं, हा रिवाज. मुलाच्या आईने दोनदा सहज म्हणून विचारलं होतं, घड्याळ कोणत्या कंपनीचं. तहिया विधवा. तिच्याकडे नवऱ्याने लग्नात घातलेल्या सोन्याच्या दोन बांगड्या उरल्या होत्या. त्या तिने मला न सांगता शेखच्या घड्याळासाठी मोडल्या.

घड्याळ घेऊन आला तो शेखचा फतहल्ला नावाचा मिशाळ, पोक्त माणूस. नियम असा, की आधी पैसे, मग पेटी उघडायची. मी तहियाच्या घरी पोचेपर्यंत पैसे त्याच्या खिशात गेले होते आणि आमच्या रिवाजाप्रमाणे हातात चहा आला होता. शेजारणी जमल्या, बयूमीही आला. तहियाने थेंब सोडला, तो बसला. कोड टिपला, मुबारक आलं. कुणीतरी आनंदाने किलकारी घातली.

रबाब मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिने फोन उचलला. "आई, घड्याळाचा नंबर आपण घातला. दुसरा घातला तर काय होतं, बघूया." तिने चहाच्या पुड्यावरचा नंबर घातला. मुबारक, तुमचं घड्याळ अस्सल आहे. मग गॅसच्या सिलिंडरचा घातला. सिलिंडरही अस्सल स्विस निघाला.

हसू आलं, पण कुणी हसलं नाही. कोड टिपल्यावर फोनवर उघडणारं ते पान शेखनेच बनवलेलं होतं. कोणताही आकडा दिला की एकच उत्तर.

मी काच स्पिरिटने पुसली आणि थेंब सोडला. तो पसरला. मग तहियाच्या खिडकीच्या काचेवर मेणबत्ती घासली, तिथे थेंब गोल बसला. म्हटलं, "काच खरी की खोटी, हे पाण्याला कळत नाही. तिच्यावर मेण आहे का, एवढंच त्याला कळतं." मग झाकण उघडलं. मनगटाच्या हालचालीवर आपोआप चालणारं म्हणून विकलेल्या त्या घड्याळात बटणाएवढा सेल बसला होता. मुलांच्या खेळण्यात असतो तसला.

"पण त्याने बायकोची शपथ घेतली होती हो," बयूमी पुटपुटला.

फतहल्लाने शांतपणे चहाचा घोट घेतला. "कुठली बायको? लग्नच झालेलं नाही त्याचं. दोन साखरपुडे मोडलेत."

पैसे परत मागितले, तेव्हा त्याने माल मिळाल्याची, तहियाच्या सहीची पावती दाखवली. मी नुसता हमाल, म्हणाला, आणि निघून गेला. पोलिसांत तक्रार दिली. शेखने नाव बदलून विक्रीचं नवं पान उघडलं आहे.

साखरपुड्याच्या दिवशी रबाबने सगळं सासूला तोंडावर सांगितलं. मुलगा हातेम तहियाजवळ येऊन म्हणाला, "मावशी, मी घड्याळ वापरतच नाही. वेळ फोनवर बघतो." भला मुलगा आहे. पण हे आधी कुणी त्याला विचारलं नव्हतं, आणि त्यानेही सांगितलं नव्हतं, याची मला अजून चीड येते.

गेल्या शुक्रवारी बयूमीने हाक मारली. नवा माणूस आलाय पडद्यावर, म्हणे शपथ वगैरे घेत नाही, घड्याळाला लोहचुंबक लावून दाखवतो. मी कपाळावर हात मारला.

लोकहो, माल त्याचा, परीक्षा त्याची आणि निकालही त्याचाच, तर त्याला पुरावा म्हणत नाहीत. नंबर खरा आहे का, ते घड्याळ बनवणाऱ्याला विचारा, विकणाऱ्याला नाही. पैसे देण्याआधी जाणत्याकडून झाकण उघडून घ्या. जो उघडू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. शपथेवर तर पावशेर कांदेसुद्धा घेऊ नका.

तहिया अजून भांडी घासायला बसली, की आधी बांगड्या वर सारायला मनगटाकडे हात नेते.