उंबरापासून दोनशे मीटर

अकराव्या गुरुवारी कॉरिन ट्वेटला एलिएतबाईंचं घर सापडलं, कागदावर सही मिळाली आणि ट्वेट कुटुंब कोस्टा रिकातच राहिलं. पण हे अजून काही घडलेलं नाही, असं धरून चालू या. कॉरिन तसंच धरून चालली होती, आणि तिच्या हातात टेप होती.

ट्वेट मंडळी मिनेसोटाहून देवाचा शब्द घेऊन आली होती. तो सांगायचा स्पॅनिशमध्ये, म्हणून आधी सान होसेतल्या भाषाशाळेत बाराखडी गिरवणं आलं. शाळेचा नियम असा, की नेमून दिलेल्या घरी जाऊन तासभर गप्पा मारायच्या आणि घरच्या बाईची सही आणायची. मुदत अकरा गुरुवारांची. नवराबायकोपैकी एक जण जरी नापास झाला, तरी मिशन अख्ख्या कुटुंबाला परतीच्या विमानात बसवणार होतं. कॉरिनच्या नवऱ्याला, रॉल्फला, पहिल्याच आठवड्यात सही मिळाली. त्याला नेमून दिलेलं घर शाळेच्या समोर होतं.

"अगं, लोकांना विचारायचं फक्त," तो म्हणाला.

"तुझं घर वर्गाच्या खिडकीतून दिसतं. तू बोलू नकोस."

कॉरिनच्या चिठ्ठीवर पत्ता होता: 'जुन्या उंबरापासून दक्षिणेला दोनशे मीटर, मग पूर्वेला पंचाहत्तर, हिरवं फाटक.' उंबर पडून सत्तावीस वर्षं झाली होती, पण पत्त्यातून त्याला कुणी काढलेलं नव्हतं. तो कुठं होता ते मात्र वस्तीतलं शेंबडं पोरही सांगायचं. कॉरिन बरोबर त्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली, रॉल्फची सुतारकामाची टेप उलगडली आणि मोजत निघाली.

दोनशे मीटर संपले ते एलाडिओ न्हाव्याच्या दुकानासमोर. तिथून पूर्वेला वळायला रस्ता नव्हता, दुकान होतं. कॉरिन दुकानातून गेली.

"एलिएतबाई कुठं राहतात?" तिनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

एलाडिओनं गिऱ्हाइकाच्या गळ्यावरचा वस्तरा बाजूला घेतला. "उंबरापासून दक्षिणेला दोनशे, मग पूर्वेला."

"मी मोजलंय."

"मोजलंय? मग बरोबरच असणार, बाई." टेप घेऊन आलेल्या बाईला चूक म्हणायचं, हे त्या वस्तीच्या रीतीत बसत नव्हतं. त्यानं मागचं दार उघडून दिलं. कॉरिन अंगणातून, कोंबड्यांच्या खुराड्यावरून पंचाहत्तर मीटर मोजत गेली आणि एका भिंतीला नाक लावून थांबली. भिंतीला फाटक नव्हतं.

दुसऱ्या गुरुवारी तिनं पुन्हा मोजलं. भिंत तीच निघाली. चौथ्या गुरुवारपासून एलाडिओ तिला लांबून पाहूनच मागचं दार उघडून ठेवू लागला आणि गिऱ्हाइकं पाय आखडून घेऊ लागली. ती नळखात्याची बाई आहे अशी वस्तीची खात्री पटली होती. एका म्हातारीनं तिला हाताला धरून घरी नेलं आणि गळका नळ दाखवला. कॉरिननं तो दुरुस्त केला. गप्पाही झाल्या, पण म्हातारीचं नाव एलिएत नव्हतं, त्यामुळे सही चालली नसती.

इकडे एलिएतबाई दर गुरुवारी तीन वाजता कापडी गाळणीतून कॉफी गाळून वाट पाहत होत्या आणि ही परदेशी बाई भारी शिष्ट दिसते, असं शेजारणीला सांगत होत्या. शेजारीण म्हणायची, "जाऊ दे गं. ती नळवाली बघ, बिचारी कशी नेमानं येते!"

दहाव्या गुरुवारनंतर रॉल्फनं पेट्या माळ्यावरून खाली काढल्या.

"वर ठेव," कॉरिन म्हणाली. "अजून एक गुरुवार आहे."

"टेप तीच, रस्ता तोच. काय बदलणार आहे?"

"मी बदलणार नाही. तेवढं पुरे."

आठ वर्षांची सोल्वेग जेवता जेवता म्हणाली, "आई, माझ्या वर्गातली मुलं पत्ता तुझ्यापासून सांगतात."

त्याचा अर्थ कॉरिनला अकराव्या गुरुवारी कळला. ती कोपऱ्यावर टेपचं टोक शोधत होती. एक नवा पाववाला सायकलवरून उतरला आणि त्यानं वाण्याला विचारलं, "एलिएतबाईंचं घर?"

वाण्यानं मान वर न करता सांगितलं, "ही परदेशी बाई दिसते ना? तिच्यापासून दक्षिणेला दोनशे, पूर्वेला पंचाहत्तर."

पाववाला सायकल ढकलत निघाला. कॉरिन त्याच्यामागं. न्हाव्याचं दुकान आलं. एलाडिओनं सवयीनं मागचं दार उघडलं, पण पाववाला दुकानापाशी थांबलाच नाही.

"अहो! दोनशे झाले!" कॉरिन ओरडली.

"कुठं झाले? एकच गल्ली झाली. या चौकापासून त्या चौकापर्यंत गल्ली, आणि गल्ली म्हणजे शंभर."

"गल्ली दीडशे मीटरची आहे!"

"असेल की. शंभरच धरायची."

कॉरिननं टेप गुंडाळली आणि पिशवीत टाकली. दुसरी गल्ली संपली, पाववाला डावीकडे वळला, पाऊण गल्ली गेला. हिरवं फाटक.

"तुम्ही नळवाल्या ना?" एलिएतबाईंनी विचारलं. "मी त्या शिष्ट परदेशी बाईची वाट पाहतेय."

"नाही. मी ती शिष्ट."

कॉफी झाली, केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाल झाले, तासाचे तीन तास झाले. दहा गुरुवार रस्त्यात उभं राहून कॉरिनचं स्पॅनिश असं सुटलं होतं की एलिएतबाईंना सही करायला मध्ये जागा सापडेना.

कॉरिन कोपऱ्यावर उभी राहायची थांबली आणि महिन्याभरात वस्तीचं गणित कोलमडलं. पाव भलत्याच घरी जाऊ लागला. एलाडिओ आणि वाणी शिष्टमंडळ घेऊन ट्वेटांच्या दारात आले. पत्ते आता कुठून सांगायचे? अर्ज कॉरिननंच लिहून द्यावा, असं ठरलं. तिनं एकही चूक न करता लिहिला:

'माननीय नगराध्यक्ष यांस, सविनय सादर. जुना उंबर पूर्वीच्या जागी, पूर्वीच्या उंचीसह व पूर्वीच्या सावलीसह उभा करण्यात यावा. ते तूर्त शक्य नसल्यास सदर कोपऱ्यावर एक परदेशी बाई कायमस्वरूपी नेमण्यात यावी. बाई हरवलेली असावी. सही घेतलेली बाई चालणार नाही. उत्तर खालील पत्त्यावर पाठवावे: मी जिथे उभी राहत असे, तिथून उत्तरेला तीनशे मीटर.'